देवमासा, तीन वाजता!

अलास्काच्या बोटीचे तिकीट काढणे सोपे आहे. अवघड असते ते बोट बंदराला लागल्यावर काय करायचे हे ठरवणे. तिकिटात केबिन येते, चारी ठाव जेवण येते, रात्रीची नाचगाणी येतात. परंतु ज्यांच्या ओढीने माणूस इतक्या उत्तरेला जातो ते देवमासे, अस्वले, गरुड आणि हिमनद्या यांतले बरेचसे तिकिटात येत नाही. ते येते किनाऱ्यावरच्या सहलींत, आणि सहलींचे पैसे वेगळे. सहलींची यादी हाती आली तेव्हा एकट्या जुनो बंदराच्या सहली वाचता वाचता माझा चहा निवून गेला. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरा, कुत्र्यांच्या गाडीत बसा, होडी वल्हवा, झाडाच्या शेंड्यावरून तारेला लोंबकळत जा! रुखवतात मांडलेल्या पदार्थांसारखी ती यादी होती. बघावी सगळी, पण पानात घ्यायचे काय?

माझे धाकटे दीर सिअ‍ॅटलला असतात. “२०२४ च्या उन्हाळ्याच्या सुटीत सगळे या, बोटीचं मी बघतो,” असा भाऊजींचा निरोप आला. ‘बोटीचं मी बघतो’ याचा अर्थ ‘किनाऱ्याचं तुम्ही बघा’ असा होतो, हे कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाईला कोणी फोड करून सांगायला नको. तेव्हा आमची पार्ल्याची बैठकीची खोली दोन महिने नियोजन मंडळाची कचेरी झाली. अध्यक्ष सासूबाई, वय चौऱ्याहत्तर, गुडघे दोन्ही दुखरे. चिटणीस आमची बारा वर्षांची कन्या. तिने भिंतीवर तक्ता लावला. खजिनदार अर्थातच ‘हे’, आणि खजिनदाराने करायचे ते काम, म्हणजे प्रत्येक ठरावाला विरोध, त्यांनी चोख बजावले.

सासूबाईंची मागणी एकच होती. २०१६ च्या जानेवारीत जुहूच्या वाळूवर मेलेला देवमासा वाहून आला होता. तेव्हा अर्धे पार्ले बघायला लोटले होते, त्यात सासूबाईही होत्या. परत आल्या त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. “एवढा मोठा जीव, आणि आपल्याला दिसला तो असा!” हे वाक्य त्यांनी पुढे कितीतरी वेळा म्हटले. आता त्यांना जिवंत देवमासा पाहायचा होता. बाकी तुम्ही काय बघाल ते बघा.

आता नियोजनाचा पहिला धडा, तो म्हणजे महिना. अलास्काच्या बोटी एप्रिलअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत चालतात, पण प्रत्येक महिना वेगळे काही दाखवतो. मे आणि जूनमध्ये पाऊस त्यातल्या त्यात कमी, डोंगरांवर बर्फ भरपूर, आणि दिवस एवढा लांब की जूनच्या शेवटी जुनोत अठरा तास उजेड असतो. देवमासे आलेले असतात, सीलच्या माद्या नुकत्या व्यालेल्या असतात. अस्वले मात्र मनाजोगती पाहायची तर जुलैचा मध्य किंवा ऑगस्ट गाठायला हवा. कारण अस्वल माशामागे येते. समुद्रात वाढलेला सॅल्मन मासा अंडी घालायला आपल्या जन्माच्या ओढ्यात परततो, प्रवाहाविरुद्ध उड्या मारीत वर चढतो, अंडी घालतो आणि मरतो. तो ओढ्यात आला की अस्वल काठावर हजर. जुनोजवळच्या अ‍ॅडमिरल्टी बेटाचे मूळ रहिवाशांच्या भाषेतले नाव ‘अस्वलांचा गड’ अशा अर्थाचे आहे. तिथे तपकिरी अस्वले दर चौरस मैलाला एक या हिशेबाने आहेत. सप्टेंबरमध्ये पाऊस वाढतो, पण रात्री पुन्हा काळोख्या होतात, म्हणून ज्यांना आकाशातला तो हिरवा ध्रुवप्रकाश पाहायचा असेल त्यांनी तेव्हा जावे. जूनमध्ये तो आकाशात असला तरी दिसणार कसा? रात्रच नसते.

आमचा महिना विद्यापीठाच्या वेळापत्रकाने ठरवला. जूनचा पहिला आठवडा. म्हणजे सॅल्मन नाही, म्हणून अस्वलांच्या सहली बाद. कन्येने तक्त्यावरचे अस्वल जड अंतःकरणाने खोडले. खजिनदारांचा चेहरा मात्र उजळला.

दुसरा धडा कागदपत्रांचा. अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी निशाणाच्या बोटीने अमेरिकन बंदरात प्रवासी घेऊन, वाटेत एकही परदेशी बंदर न करता, त्यांना पुन्हा अमेरिकन बंदरातच उतरवू नये, असे तो सांगतो. बहुतेक मोठ्या बोटींवर बहामा, बर्म्युडा, पनामा अशा देशांची निशाणे असतात. म्हणून सिअ‍ॅटलहून सुटून सिअ‍ॅटललाच परतणारी बोट शेवटच्या संध्याकाळी कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदराला टेकते. तेवढ्या चार तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्याला अमेरिकेच्या जोडीला कॅनडाचाही व्हिसा लागतो, आणि अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा हवा. बोट कॅनडाच्या व्हँकुव्हरहून सुटणारी असली तरी दोन्ही व्हिसा चुकत नाहीतच. हे काम सहा महिने आधी हाती घ्यावे.

व्हँकुव्हर की सिअ‍ॅटल, याला आणखी एक बाजू आहे. व्हँकुव्हरहून निघालेली बोट बेटांच्या आडोशाने, तळ्यासारख्या पाण्यातून वर जाते. सिअ‍ॅटलच्या मोठ्या बोटी बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या अंगाने, उघड्या पॅसिफिकवरून जातात. ज्यांना बोट लागते त्यांनी हे ध्यानात घ्यावे. आमच्या खजिनदारांना पहिल्या रात्री अशी लागली की मध्यरात्रीच्या त्या प्रसिद्ध मेजवानीकडे त्यांनी पाठ फिरवली. सासूबाई मात्र ठणठणीत. लहानपणी त्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने रत्नागिरीला जात असत, आणि ज्याने पावसाळ्याच्या तोंडावरची कोकणबोट सोसली त्याला पॅसिफिक काय करणार!

कोकणबोटीवरून आठवले. काही ठिकाणी मोठ्या बोटीला धक्का नसतो. ती खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवासी छोट्या होडीने किनाऱ्यावर जातात. जुन्या मंडळींना तो पडाव आठवेल. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हे तिकीट काढण्यापूर्वीच विचारून घ्यावे. आमच्या तिन्ही अलास्कन बंदरांत धक्का होता.

सहल बोटकंपनीकडून घ्यावी की परभारे गावातल्या माणसाकडून, यावर आमच्या मंडळात सर्वांत लांब चर्चा झाली. परभारे घेतलेली पुष्कळदा स्वस्त पडते आणि माणसेही कमी असतात. पण कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते. परभाऱ्या सहलीला झाला तर थांबत नाही, तुमचे सामान घेऊन पुढच्या बंदराला जाते. बोट सुटण्याच्या अर्धा तास तरी आधी सर्वांनी वर असावे लागते. त्यातून बोटीवरचे घड्याळ आणि गावातले घड्याळ यांत कधी कधी तासाचा फरक असतो. शेवटी असे ठरले की विकतच्या सहली दोनच घ्यायच्या: जुनोत देवमासे, स्कॅगवेत आगगाडी. बाकी सगळे फुकटात पाहायचे. देवमाशांच्या सहलीला माणशी दीडशे ते दोनशे डॉलर पडतात, आणि हेलिकॉप्टरला त्याच्या तिप्पट-चौपट. शिवाय ढग खाली आले की हेलिकॉप्टर उडतच नाही, पैसे परत मिळतात एवढेच. देवमाशाला ढगांचे सोयरसुतक नाही.

पैशाइतकेच महत्त्वाचे असे दोन-तीन प्रश्न मी त्या सहलवाल्यांना लिहून विचारले. होडीत चढायला पायऱ्या किती? बसायची जागा बंद आणि उबदार आहे का? होडीवर स्वच्छतागृह आहे का? देवमाशाच्या किती जवळ जाता? शेवटच्या प्रश्नाला “अगदी जवळ!” असे उत्तर ज्यांच्याकडून आले त्यांना मी वगळले. कारण २००१ पासून अमेरिकेचा नियम असा आहे की अलास्कात कुबड्या देवमाशाच्या शंभर यार्डांच्या आत होडी नेऊ नये. जुनोतले काही होडीवाले त्याहून कडक बंधने पाळायची कबुली देऊन ‘व्हेल सेन्स’ नावाच्या योजनेत सामील झाले आहेत. आम्ही त्यांतला एक निवडला.

समुद्रावरचा पहिला पूर्ण दिवस बहुतेक लोक झोपून काढतात. तसे करू नये. पाण्याकडे कसे पाहायचे ते शिकण्याचा हाच दिवस. देवमासा शोधू नये, त्याचा श्वास शोधावा. सपाट पाण्यावर दूर कुठे धुक्याचा एक उभा झोत दिसतो, दोन-तीन सेकंदांत विरतो. पुन्हा तिथेच नजर ठेवली तर पुन्हा दिसतो. सर्वांत वरच्या डेकवरून चित्र मोठे दिसते पण वारा उभे राहू देत नाही. खालच्या, बोटीला वळसा घालणाऱ्या डेकवर पाणी जवळ असते. दुर्बीण आठ पटींची पुरे. दहा-बारा पटींची घेतली तर बोटीच्या हालचालीने समुद्रच नाचू लागतो. दिशा सांगण्याची रीत घड्याळाची. बोटीचे नाक म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, मागचा भाग सहा, डावी बाजू नऊ.

ही रीत सासूबाईंना सांगायची राहून गेली होती. सकाळी साडेदहाच्या सुमारास ध्वनिक्षेपकावरून आरोळी आली, “देवमासा, तीन वाजता!” आम्ही उजवीकडे धावलो. सासूबाईंनी मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, “मग आत्तापासून कशाला थंडीत उभं राहायचं? जेवून, जरा पडून येऊ की.”

तिसऱ्या दिवशी दुपारी जुनो आले. हे अलास्काची राजधानी; पण बाहेरच्या जगातून तिथे जायला रस्ताच नाही, बोटीने जा नाहीतर विमानाने. गाव बत्तीस हजारांच्या आसपास वस्तीचे, आणि २०२३ च्या एका हंगामात तिथे सोळा लाखांच्या घरात प्रवासी उतरले. गावकऱ्यांना हे डोईजड न झाले तरच नवल. म्हणून २०२४ पासून दिवसाला पाचच मोठ्या बोटी घ्यायच्या असा गावाचा आणि बोटकंपन्यांच्या संघटनेचा करार झाला आहे. धक्क्यावर उतरताना मला उगीचच चोरट्यासारखे वाटले. आपल्याकडे मे महिन्यातल्या महाबळेश्वरचे लोक आपल्याविषयी काय म्हणत असतील!

बसने अर्ध्या तासावर ऑक बे नावाचे छोटे बंदर आहे, तिथून होडी सुटली. सासूबाईंचा वेष असा: साडी, तिच्यावर दोन स्वेटर, त्यांवर भाऊजींचा रेनकोट, डोक्याला कानटोपी, पायांत लोकरी मोजे आणि कन्येचे जुने बूट. होडीतल्या एका गोऱ्या आजीबाईंनी कानटोपीची मनापासून स्तुती केली. थंडी म्हणाल तर दहा-बारा अंशांची. पण पाण्यावरचा वारा हाडे शोधीत येतो. एक जाड कोट घेण्यापेक्षा चार पातळ कपडे एकावर एक घालावेत, आणि सर्वांवर पाणी न शिरणारे काहीतरी.

वाटेत लाल तरत्या बुरुजावर समुद्रसिंह एकमेकांच्या अंगावर पडून भांडत होते. एका उंच झाडावर पांढऱ्या डोक्याचा गरुड बसला होता. या पक्ष्याचे डोके पांढरे व्हायला चार-पाच वर्षे लागतात. हा अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी. पण मासे खातो म्हणून अलास्कात १९१७ पासून पुढे पस्तीसएक वर्षे त्याला मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळे, आणि एक लाखाहून अधिक गरुड या हिशेबात मारले गेले. आज तेच दाखवून पैसे मिळतात.

मग कप्तानाने यंत्र बंद केले. “दहा वाजता,” तो हळूच म्हणाला. एव्हाना सासूबाई घड्याळाच्या शास्त्रात तरबेज झाल्या होत्या. त्यांनी बरोबर डावीकडे, जरा पुढे पाहिले. आधी आवाज आला. प्रेशर कुकरची शिटी अर्धवट उचलल्यावर वाफ सुटते ना, तसा, पण खोल आणि दमदार. झोत माणसाच्या दुप्पट उंचीचा. काळीभोर पाठ पाण्यातून वर आली, सरकत राहिली, संपेचना. तिच्यामागे लगेच एक लहान झोत. आई आणि पिलू! वाऱ्याने तो फवारा आमच्याकडे आला आणि कुजक्या मासळीचा असा दर्प पसरला की सासूबाईंनी रेनकोटाच्या आतून पदर ओढून नाकाला लावला. डोळे मात्र मिटले नाहीत. शेवटी मादीने पाठ कमानीसारखी वाकवली, शेपूट पूर्ण वर उचलले आणि ती खोल गेली. या शेपटाच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे ठिपके प्रत्येक देवमाशाचे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. त्यांवरून शास्त्रज्ञ एकेकाला ओळखतात.

या माद्या हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात वितात. तिथून इथपर्यंत सुमारे तीन हजार मैलांचा प्रवास. हवाईत त्यांना खायला जवळजवळ काही नसते. आदल्या उन्हाळ्यात अलास्कात जमवलेल्या चरबीवर त्या कित्येक महिने काढतात, आणि त्याच चरबीतून पिलाला दूध पाजतात. सासूबाईंनी आदल्याच दिवशी बोटीवर एकादशी केली होती, उकडलेला बटाटा, दही आणि फळे यांवर. हे ऐकून त्या म्हणाल्या, “मी आपली एका दिवसात तीनदा चहा मागितला.”

उत्तर पॅसिफिकमध्ये कुबड्या देवमाशांची शिकार १९६६ पासून बंद झाली. मग ते हळूहळू वाढले, इतके की हवाईला जाणाऱ्या या समूहाचे नाव २०१६ मध्ये अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढले. पण त्याच सुमारास, २०१४ ते २०१६ या काळात, हा समुद्र विलक्षण तापला, खाद्य घटले आणि देवमाशांची संख्या पुन्हा खाली आली. आपल्या अरबी समुद्रातही कुबड्या देवमाशांचा एक अगदी लहान समूह आहे. तो उत्तर-दक्षिण प्रवास करीत नाही, बारमाही आपल्याच समुद्रात राहतो. हे मी होडीत सांगितले तेव्हा सासूबाई माझ्याकडे संशयाने पाहू लागल्या. म्हणजे एवढे पैसे खर्च करून इथवर आलो कशाला?

एक गोष्ट मला टोचली ती लिहिलीच पाहिजे. त्या मायलेकरांभोवती थोड्याच वेळात सात होड्या जमल्या. नियम मोडला कोणी नाही. शंभर यार्ड सर्वांनी पाळले. पण सात होड्यांचे शंभर यार्ड म्हणजे रिंगणच झाले. आमचा कप्तान अर्ध्या तासाच्या आतच निघाला, तेव्हा काही प्रवाशांनी कुरकूर केली. माझ्या मते त्याने केले ते योग्य. दापोली-मुरुडच्या बाजूला डॉल्फिन दिसला की आपल्या होड्या यंत्र धडधडवीत त्याच्या पाठीस लागतात, आणि आपणच होडीवाल्याला “अजून जवळ घे रे” म्हणून सांगत असतो.

संध्याकाळी उजेड भरपूर होता, म्हणून भाऊजींबरोबर बाकीचे मेंडेनहॉल हिमनदी पाहून आले. शहराच्या इतकी जवळ हिमनदी क्वचितच सापडते. १९२९ पासून ती अडीच किलोमीटरांहून अधिक मागे हटली आहे. कन्येने जुना फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवून दाखवले, ते पाहिल्यावर खजिनदारसुद्धा गप्प बसले.

स्कॅगवेविषयी थोडक्यात. १८९७-९८ मध्ये क्लोंडाइकच्या सोन्यासाठी हजारो लोक इथे उतरले आणि खिंडी चढून कॅनडात गेले. उपासमार नको म्हणून कॅनडाच्या पोलिसांनी प्रत्येकाला वर्षभराचा शिधा बरोबर आणायला लावला, म्हणजे सुमारे टनभर ओझे. व्हाइट पासच्या वाटेवर तीनएक हजार घोडे मेले. सोने फारच थोड्यांना मिळाले. मागे राहिली ती आगगाडी. १९०० साली पुरी झालेली, ३ फुटी रुळांवरची, वीस मैलांत २,८६५ फूट चढणारी. आमच्या नेरळ-माथेरानची २ फुटी आणि १९०७ सालची. दोघी बहिणी शोभतात, फक्त इथली थोरली आणि हिच्या खिडकीतून माकडांऐवजी बर्फ दिसतो. जाताना डावीकडे बसावे. पुढे कॅनडात उतरवणारी फेरी घेतलीत तर पासपोर्ट खिशात हवा.

खरा दिवस होता तो पाचवा, ग्लेशियर बेचा. आणि त्या दिवशी बोटीतून उतरायचेच नसते. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या बोटींना प्रवेश आहे. म्हणून तिकीट काढतानाच बोट तिथे जाते की नाही हे पाहावे. मागाहून कितीही पैसे मोजले तरी हा दिवस विकत मिळत नाही. सकाळी उद्यानाचे वनरक्षक छोट्या होडीतून येऊन, शिडीने वर चढले आणि दिवसभर माहिती सांगत राहिले. त्यांच्या दृष्टीने उद्यानाचे पाहुणे आम्ही. माझ्या दृष्टीने वर्गावर इतका जीव लावून शिकवणारी माणसे मी थोडीच पाहिली आहेत.

१७९४ साली कप्तान व्हँकुव्हरचे लोक इथून गेले तेव्हा हे आखात जवळपास नव्हतेच, तोंडाशीच बर्फाची भिंत उभी होती. १८७९ मध्ये जॉन म्यूर होडीतून आला तोवर बर्फ तीस मैलांहून अधिक मागे गेला होता, आणि १९१६ पर्यंत पासष्ट मैल. बर्फ पुढे सरकत आला तेव्हा हूना ट्लिंगिट लोकांना आपली गावे सोडून पळावे लागले होते. ती त्यांची मायभूमी. उद्यान झाले तेव्हा त्यांच्या शिकारीवर, अंडी वेचण्यावर बंधने आली. २०१६ मध्ये आखाताच्या तोंडाशी त्यांचे सामाईक घर पुन्हा उभे राहिले.

तिथेच एका देवमाशाचा अखंड सांगाडाही मांडला आहे. आमची बोट तिकडे थांबत नसल्याने आम्ही तो पाहिला नाही, पण वनरक्षकबाईंनी त्याची हकीकत सांगितली. ही मादी शास्त्रज्ञांच्या १९७५ पासून ओळखीची. तिचे नाव स्नो, म्हणजे बर्फ. २००१ मध्ये एका प्रवासी बोटीने तिला धडक दिली. ती गाभण होती. आमच्यासारख्याच हौशी प्रवाशांनी भरलेली, देवमासे पाहायला निघालेली बोट! आता देवमाशांच्या पाण्यात उद्यानाने बोटींना तासाला तेरा सागरी मैलांची मर्यादा घातली आहे. सकाळपासून बोट एवढी संथ का चालली आहे म्हणून कुरकुरणारे गृहस्थ आमच्या शेजारीच उभे होते. ते मुकाट्याने आत निघून गेले.

आखाताच्या खालच्या भागात समुद्री पाणमांजरे उताणी तरंगत होती, पोटावर शिंपला ठेवून फोडणारी. हिच्या अंगाला चरबी नसते, ऊब सगळी केसांची. जगात सर्वांत दाट लव हिची. त्या लवेपायी रशियन आणि इतर व्यापाऱ्यांनी तिला या किनाऱ्यावरून नामशेष केले. १९११ मध्ये करार होऊन शिकार थांबली आणि १९६० नंतरच्या दशकात दुसऱ्या बेटांवरून चारशेच्या आसपास पाणमांजरे आणून या भागात सोडली. आज एका ग्लेशियर बेमध्येच ती हजारोंनी आहेत, आणि खेकडे पकडणारे कोळी आता त्यांच्या नावाने बोटे मोडतात. साउथ मार्बल नावाच्या बेटावर पिवळ्या झुलपांचे पफिन पक्षी दिसले. पुढे एका उघड्या कड्यावर पांढरे ठिपके होते, त्यांतले हलले ते रानबकरे आणि न हलले ते बर्फ, असे कन्येने शास्त्र बसवले.

मार्जरी हिमनदीसमोर बोट तासभर थांबली. मैलभर रुंद निळसर भिंत, पाण्यावर पंचवीस मजली इमारतीएवढी उंच. शतकांच्या दाबाने हवा निघून गेलेला दाट बर्फ तांबडा प्रकाश गिळतो आणि निळा परत पाठवतो, म्हणून हा रंग. बाजूंसाठी धक्काबुक्की करण्याची गरज नाही. कप्तान बोट जागच्या जागी फिरवतो, सर्वांना सर्व दिसते. भिंतीचा एक तुकडा सुटला. आधी तो पडताना दिसला, आवाज मागाहून आला. इकडे त्याला पांढरा गडगडाट म्हणतात.

शेजारच्या जॉन्स हॉपकिन्स खाडीत मात्र आमची बोट शिरली नाही. तिथल्या तरंगत्या बर्फावर सीलच्या माद्या वितात, म्हणून मोठ्या बोटींना ती खाडी ऑगस्टअखेरपर्यंत बंद. एवढे पैसे भरून हिमनदीचे सर्वांत देखणे दृश्य बंद, याबद्दल डेकवर नाराजीचे सूर उमटले. सासूबाईंनी काय झाले ते विचारले. मी सांगितले. “मग बरोबरच आहे,” त्या म्हणाल्या. “बाळंतिणीच्या खोलीत परक्यांचं काय काम?” भाऊजींनी याचे इंग्रजी करून वनरक्षकबाईंना सांगितले. त्या हसल्या आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतले.

शेवटचे अलास्कन बंदर केचिकन. वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पाऊस. महाबळेश्वरकरांना यात विशेष वाटणार नाही, पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथला बारा महिने रिपरिपत असतो आणि गावकरी त्याला कौतुकाने ‘ओले ऊन’ म्हणतात. जुलैनंतर येणाऱ्यांना गावातल्या ओढ्यावरच्या पुलावरून सॅल्मनची झुंबड फुकट दिसते. आम्ही बसने जवळच्या सॅक्समन गावी कोरीव खांब पाहायला गेलो. देवदाराच्या जातीच्या प्रचंड बुंध्यांवर कावळा, गरुड, अस्वल, देवमासा असे एकावर एक कोरलेले. हे देव नव्हेत, यांची पूजा होत नाही. कुळाची कथा, कोणाचे स्मरण, कोणाचे ऋण असे त्यांत नोंदलेले असते. मला आपले वीरगळ आठवले. तेही थरावर थर चढवून एक हकीकतच सांगतात.

त्यांतला एक खांब सगळ्यांनी पाहावा. ७२ लाख डॉलर देऊन १८६७ मध्ये ज्याने रशियाकडून अलास्का विकत घेण्याचा व्यवहार जुळवला, त्या सेवर्डसाहेबांचा. १८६९ मध्ये ते इकडे आले तेव्हा इथल्या प्रमुखाने त्यांना मोठी मेजवानी दिली, भारी आहेर केला. साहेब ते घेऊन गेले आणि परतीचा आहेर काही आला नाही. तेव्हा त्या लोकांनी साहेबांचाच खांब उभारला आणि कद्रूपणाची खूण म्हणून त्याचे नाक आणि कान लाल रंगवले. मूळ खांब जीर्ण झाला तर त्यांनी नवा केला, पण उधारी विसरले नाहीत.

तो खांब पाहून आमचे खजिनदार एकाएकी गंभीर झाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “अगं, बोटीचं सगळं त्याने बघितलं. त्याला काय घ्यायचं?” मग पावसात तासभर दुकाने धुंडाळली. सॅल्मनचा डबा घ्यावा तर भाऊजी आणि जाऊबाई दोघेही पक्के शाकाहारी. शेवटी एक छोटा लाकडी कावळा घेतला, इथल्याच कारागिराने कोरलेला. किंमत ऐकूनही खजिनदारांनी हू की चू केले नाही.

व्हिक्टोरियाला पोचलो तेव्हा संध्याकाळचे आठ वाजून गेले होते. तिथल्या बागा प्रसिद्ध आहेत, पण एवढ्या वेळात धावत जाऊन बाग पाहण्यात अर्थ नाही असे माझे मत. आम्ही बंदराच्या काठी बाकावर बसलो. साडेनऊनंतर अंधारू लागले तशी समोरच्या विधिमंडळाच्या इमारतीवर दिव्यांची ओळ लागली. कमानी, घुमट, गच्च्या, सगळ्यांच्या कडेने तीन हजारांहून अधिक दिवे. ही रोषणाई पहिल्यांदा १८९७ साली, राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षी झाली होती. सासूबाईंनी कानटोपी काढली, केस नीट केले आणि भाऊजींना त्या दिव्यांसमोर आपला एक फोटो काढायला सांगितला. मग बसची वेळ झाली.